पॉलिमर केमिस्ट्रीतून फ्युएल सेल आणि हायड्रोजनच्या रिसर्चमध्ये यायचंय? एमएस्सीनंतरची वाट, पायरी पायरीने

"ताई, मी ऑरगॅनिकची, मला हायड्रोजनमध्ये कोण घेणार?" हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. घेतात, आणि चांगलं घेतात. मी स्वतः तालुक्याच्या कॉलेजातून बीएस्सी करून आले, एमएस्सीत पॉलिमरवर एकच पेपर होता, आणि फ्युएल सेल हा शब्द पुस्तकात इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या पानावर भेटला होता. पुढे पीएचडीत मेम्ब्रेनवर काम केलं आणि ज्या गोष्टी मला कुणी आधी सांगितल्या नव्हत्या त्यात वर्षभर तरी गेलं. ते वर्ष तुमचं जाऊ नये म्हणून हे लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते. नवीन पॉलिमर बनवून त्याचा एनएमआर काढणारे भरपूर आहेत. पण तोच पॉलिमर फिल्म करून, सेलमध्ये बसवून, हायड्रोजन सोडून, तो का चालला किंवा का फाटला हे सांगू शकणारे फार थोडे आहेत. तुम्हाला त्या थोड्यांत जायचंय. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशोबाने आहेत.

१. पॉलिमर नेमका कुठे बसतो ते आधी बघा

पीईएम (प्रोटॉन एक्स्चेंज मेम्ब्रेन) फ्युएल सेल म्हणजे मधोमध एक पातळ पडदा, म्हणजेच मेम्ब्रेन, एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला हवा. पडद्याने प्रोटॉन पलीकडे जाऊ द्यायचे पण इलेक्ट्रॉन आणि दोन्ही वायू अडवायचे, आणि हे सगळं ८० अंशाला, हजारो तास. हा पडदा म्हणजेच तुमचा पॉलिमर. सगळ्यात प्रसिद्ध नाफिऑन, ड्यूपाँटने १९६० च्या दशकात काढलेला, टेफ्लॉनसारखा कणा आणि त्याला लोंबणाऱ्या साखळीच्या टोकाला सल्फोनिक अ‍ॅसिड. त्याआधी १९६५ च्या जेमिनी ५ यानात सल्फोनेटेड पॉलिस्टायरीनचे पडदे होते, ते फार टिकायचे नाहीत. तेव्हापासून आजपर्यंत या विषयातला मूळ झगडा तोच आहे, कंडक्टिव्हिटी हवी आणि टिकाऊपणाही हवा.

पण पॉलिमर फक्त पडद्यातच नसतो. कॅटलिस्टच्या थरात प्लॅटिनमचे कण धरून ठेवणारा आयोनोमर (आयन वाहून नेणारा पॉलिमर) असतो, इलेक्ट्रोलायझरमध्ये, म्हणजे विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्रात, पुन्हा मेम्ब्रेन असतं, अल्कलाइन इलेक्ट्रोलायझरमध्ये पॉलिसल्फोन आणि झिर्कोनियाचा डायफ्रॅम असतो, आणि गाडीतल्या टाइप ४ च्या टाकीत, म्हणजे ३५० किंवा ७०० बारला हायड्रोजन भरतात त्या टाकीत, आतला अस्तराचा थर एचडीपीई किंवा पॉलिअमाइडचा असतो. गॅस्केट, सील हेही आहेतच. त्यामुळे "मेम्ब्रेन नाही मिळालं म्हणजे संपलं" असं समजू नका.

एक सापळा: जाहिरातीत नुसतं "फ्युएल सेल" लिहिलेलं असतं. सॉलिड ऑक्साइडचं काम असेल तर ते सिरॅमिकचं आहे, ७००-८०० अंशाला चालतं, तिथे इलेक्ट्रोलाइट म्हणून पॉलिमर नसतो. माझी एक मैत्रीण अशा ग्रुपमध्ये जॉइन झाली आणि तिला पहिल्या आठवड्यात कळलं. अर्ज करण्याआधी त्या ग्रुपचे शेवटचे पाच पेपर उघडून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

२. चार घराण्यांपैकी एक धरा

मेम्ब्रेनच्या पॉलिमरची साधारण चार घराणी आहेत. सगळं वाचायला जाल तर बुडाल. आधी एक धरा.

पहिलं, नाफिऑनसारखे फ्लोरिनवाले. बनवणं कॉलेजच्या लॅबमध्ये जवळपास अशक्य, त्यामुळे इथे काम बहुतेक विकत घेतलेल्या मटेरियलवर होतं, कंपोझिट वगैरे.

दुसरं, फ्लोरिन नसलेले हायड्रोकार्बन पॉलिमर, सल्फोनेटेड पॉलिइथर-इथर-कीटोन वगैरे. स्वस्त, आपल्या हातात बनतात, पण पाण्यात फुगतात आणि रॅडिकलच्या माऱ्याला कमी टिकतात. युरोपात २०२३ च्या सुरुवातीला जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या पाच देशांनी मिळून पीएफएएस (निसर्गात सहज न विघटणाऱ्या फ्लोरिनवाल्या) रसायनांवर निर्बंधांचा प्रस्ताव दिला, आणि नाफिऑन त्याच कुटुंबातला आहे, म्हणून या घराण्याकडे पुन्हा लक्ष गेलंय.

तिसरं पीबीआय, पॉलिबेंझिमिडाझोल. फॉस्फोरिक अ‍ॅसिडमध्ये भिजवून १५०-१८० अंशाला चालवतात, वेगळं पाणी द्यावं लागत नाही आणि हायड्रोजनमधला थोडा कार्बन मोनॉक्साइड सुद्धा सहन होतो. पुण्याच्या एनसीएलमध्ये (सीएसआयआरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) पीबीआयवर बरंच काम झालेलं आहे.

चौथं अ‍ॅनायन एक्स्चेंज, म्हणजे पडद्यातून हायड्रॉक्साइड जातो, त्यामुळे प्लॅटिनमऐवजी निकेलसारखे धातू वापरता येतात. अडचण अशी की पडद्यातल्या क्वाटर्नरी अमोनियम गटावर हायड्रॉक्साइडच हल्ला करतो. हॉफमन एलिमिनेशन तुम्ही टीवायला पाठ केलंय ना, तेच इथे तुमचं मेम्ब्रेन खातं. ऑरगॅनिकवाल्यांसाठी आज सगळ्यात जास्त मोकळं रान इथे आहे असं माझं मत आहे.

३. परीक्षा: कुठली आणि कशासाठी

सीएसआयआर नेट केमिकल सायन्सेस ही मुख्य. ७५ प्रश्न सोडवायचे, २०० मार्क, आणि त्यातले १०० मार्क पार्ट सी चे. पॉलिमरचा भाग यात अगदी थोडा, मोलर मास आणि पॉलिमरायझेशनची कायनेटिक्स एवढाच, म्हणून पॉलिमरची जाड पुस्तकं घेऊन नेटची तयारी करू नका. जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, दोन वर्षांनी एसआरएफ (सिनिअर) झाली की ४२,०००. आणि स्वतःची फेलोशिप असली की गाइड निवडताना तुमचा हात वर असतो, ही पैशापेक्षा मोठी गोष्ट.

गेट द्यायची असेल तर केमिस्ट्रीचा सीवाय पेपर, किंवा पॉलिमर इंजिनिअरिंगवाल्यांनी एक्सई पेपरमधला पॉलिमरचा सेक्शन. दोन्ही परीक्षांची तयारी एकत्र करता येते, मी केली होती.

राज्याच्या फेलोशिपही बघा: बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय. यांच्या जाहिराती कधी येतील याचा नेम नसतो, त्यामुळे कागद आधीपासून तयार ठेवा. कागदांबद्दल खाली सांगते, तिथे खूप मुलं अडकतात.

४. लॅब निवडणं (इथे घाई करू नका)

महाराष्ट्रात एनसीएल पुणे आहे, तिथली पीएचडीची डिग्री सीएसआयआरच्या स्वतःच्या विद्यापीठाची, म्हणजे अ‍ॅकसिरची असते आणि प्रवेश जानेवारी व ऑगस्ट अशा दोन सत्रांत होतात. केपीआयटी कंपनी आणि सीएसआयआरने मिळून बनवलेली फ्युएल सेल बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच दाखवली गेली, तिच्यामागे एनसीएल होतीच. मुंबईत आयसीटीचा (रसायन तंत्रज्ञान संस्था) पॉलिमर विभाग, आयआयटी बॉम्बे, बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र). अंबरनाथला डीआरडीओची नौदलाच्या मटेरियलची लॅब एनएमआरएल, जिने पाणबुडीसाठी फॉस्फोरिक अ‍ॅसिड फ्युएल सेलवर चालणारी एआयपी यंत्रणा (बाहेरची हवा न घेता पाण्याखाली चालणारी) केली, तिची जमिनीवरची चाचणी मार्च २०२१ मध्ये पार पडली. अंबरनाथ म्हटलं की लोकांना शिवमंदिर आणि एमआयडीसी आठवते, तिथे हे काम चालतं हे केमिस्ट्रीच्या कितीतरी मुलांना माहीतच नसतं. बाहेर जायची तयारी असेल तर भावनगरची सीएसएमसीआरआय (आयन एक्स्चेंज मेम्ब्रेनचं जुनं घर), कराईकुडीची सीईसीआरआय (इलेक्ट्रोकेमिस्ट्रीची संस्था) आणि चेन्नईतलं एआरसीआयचं फ्युएल सेल सेंटर.

नाव मोठं आहे म्हणून जाऊ नका. मुलाखतीला किंवा भेटायला गेलात की तिथल्या पीएचडीच्या मुलांना कँटीनमध्ये गाठा आणि चार गोष्टी विचारा:

- लॅबमध्ये स्वतःचं फ्युएल सेल किंवा इलेक्ट्रोलायझर टेस्ट स्टेशन आहे का, की सॅम्पल दुसरीकडे पाठवतात?
- इम्पीडन्सचं मशीन (कंडक्टिव्हिटी मोजायचं) कितीजण वापरतात, नंबर कधी लागतो?
- शेवटचा विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडला?
- कन्झ्युमेबल्सना, म्हणजे कॅटलिस्ट, कार्बन पेपर, गॅस यांना पैसे आहेत का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "बाहेर पाठवतो" असं आलं तर दोनदा विचार करा. एका ठिकाणी मी प्रोजेक्टवर होते तिथे सॅम्पल दुसऱ्या शहरात पाठवायचो, आकडे दोन महिन्यांनी यायचे, आणि सेल फेल झाला तर मेम्ब्रेन फाटलं होतं की गॅस्केट नीट बसलं नव्हतं हे कुणालाच सांगता यायचं नाही. पीएचडीसाठी जागा बदलली ती यामुळेच.

५. कागदपत्रं

ही एका फोल्डरमध्ये, मूळ आणि स्कॅन दोन्ही:

- दहावीचं सर्टिफिकेट (जन्मतारखेसाठी हेच चालतं)
- सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, बॅकलॉग असेल तर त्या सेमिस्टरच्या दोन्ही
- प्रोव्हिजनल किंवा डिग्री सर्टिफिकेट, युनिव्हर्सिटी बदलणार असाल तर मायग्रेशन
- सीजीपीएचे टक्के कसे काढायचे याचं युनिव्हर्सिटीचं पत्र
- नेट किंवा गेटचं स्कोअरकार्ड
- जातीचा दाखला, नॉन-क्रिमी लेअर किंवा ईडब्ल्यूएस, जे लागू असेल ते
- एमएस्सी प्रोजेक्ट रिपोर्ट आणि दोन शिफारसपत्रं देणाऱ्या सरांची संमती

इथले दोन सापळे नीट वाचा. एक, केंद्राच्या परीक्षांना आणि संस्थांना नॉन-क्रिमी लेअर केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. आपण कॉलेज अ‍ॅडमिशनला काढलेलं राज्याचं असतं, ते चालत नाही. सेतूत अर्ज करतानाच "केंद्र शासनासाठी" असं सांगा. व्हीजेएनटी, एसबीसी ही राज्याची वर्गवारी आहे, केंद्रात त्यातल्या बऱ्याच जाती ओबीसीत येतात, पण तुमची जात केंद्रीय यादीत आहे का ते बघूनच फॉर्म भरा. एसईबीसी केंद्रात नाही.

दोन, नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळा क्रम, आधारवर तिसराच, आणि लग्नानंतर मुलींचं चौथं. पहिला पेपर छापायच्या आधी कुठल्या नावाने छापणार ते ठरवा आणि आयुष्यभर तेच ठेवा. मी पहिल्या पेपरवर एक आणि दुसऱ्यावर दुसरं लिहिलं, नंतर दोन्ही माझेच आहेत हे समजावत बसावं लागलं.

६. लॅबमधले पहिले सहा महिने

इथे जरा सविस्तर सांगते कारण खरं शिक्षण इथेच होतं.

आधी मॉलिक्युलर वेट. कंडेन्सेशन पॉलिमरायझेशनमध्ये रिअ‍ॅक्शन ९५ टक्के झाली तर साखळी सरासरी २० युनिटची, ९९ टक्के झाली तर १०० ची. म्हणजे शेवटच्या चार टक्क्यांत सगळा खेळ आहे, आणि मोनोमर थोडा जरी ओला किंवा अशुद्ध असला की एकास एक प्रमाण बिघडतं आणि साखळी वाढत नाही. माझ्या पहिल्या तीन बॅचच्या फिल्म पापडासारख्या तडकल्या. मी दोष सॉल्व्हंटला देत होते, चूक निघाली मोनोमर नीट न वाळवण्याची. पीबीआय करत असाल तर पॉलिफॉस्फोरिक अ‍ॅसिडमध्ये रिअ‍ॅक्शन पुढे सरकली की स्टरर जड फिरायला लागतो, आणि ते गरम घट्ट द्रावण पाण्यात धारेने ओतलं की शेवयांसारखे तपकिरी धागे पडतात. धागे लांब आणि चिवट आले तर बॅच बहुतेक जमली, नुसती पूड पडली तर पुन्हा करा.

मग कास्टिंग, म्हणजे द्रावण ओतून फिल्म करणं. साधारण ५ टक्क्यांचं द्रावण, गाळून, काचेच्या प्लेटवर, ओव्हनमध्ये ६०-८० अंशाला. ओव्हनमधली जाळी लेव्हलमध्ये आहे का ते गवंड्याच्या पाणसळीने बघा, नाहीतर फिल्म एका बाजूला जाड येते आणि सगळी मोजमापं चुकतात. आणि पावसाळा! जुलै-ऑगस्टमध्ये पुण्या-मुंबईच्या हवेत डीएमएसी, एनएमपीसारखी सॉल्व्हंट ओलावा ओढून घेतात आणि फिल्म दुधासारखी पांढरट येते. पॉलिमर खराब झालाय असं वाटतं, तसं नसतं. ओव्हनमध्ये कोरडा नायट्रोजन सोडा.

मग मोजमाप. सुरुवात विकतच्या नाफिऑनवर करा, स्वतःच्या मेम्ब्रेनवर नको. नाफिऑन ११७ मधलं ११ म्हणजे इक्विव्हॅलंट वेट ११०० आणि ७ म्हणजे जाडी इंचाचे सात हजारांश, साधारण १८० मायक्रॉन. ११०० ग्रॅममागे एक मोल अ‍ॅसिड, म्हणजे ग्रॅमला ०.९१ मिलिमोल. आता ०.२ ग्रॅम कोरडा तुकडा मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, बाहेर आलेलं अ‍ॅसिड ०.०१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करा, जवळपास १८ मिली लागायला हवं. १३-१४ लागलं तर तुमचं वजन, वाळवणं किंवा ब्युरेट यात कुठेतरी चूक आहे. हे बरोबर येईपर्यंत पुढे जाऊ नका. कंडक्टिव्हिटीचंही तसंच, पूर्ण भिजलेल्या नाफिऑनला २५ अंशाला साधारण ०.१ सीमेन्स प्रति सेंटीमीटर यायला हवं, तुम्हाला दुप्पट आलं तर खुश होऊ नका, आधी जाडी पुन्हा मोजा.

अ‍ॅनायन एक्स्चेंजवाल्यांनी लक्षात ठेवा, हवेतला कार्बन डायऑक्साइड हायड्रॉक्साइडचा कार्बोनेट करतो आणि आकडा खाली जातो. पाणी उकळून, नायट्रोजन सोडून घ्या आणि झटपट मोजा.

शेवटी सेल. ५ किंवा २५ चौरस सेंटिमीटरचा सिंगल सेल, हायड्रोजन-हवा. करंट न काढता व्होल्टेज ०.९५ च्या आसपास दिसायला हवा (थिअरी १.२३ सांगते, तेवढा कधी येत नाही). ०.९ च्या बराच खाली असेल तर मेम्ब्रेनला भोक किंवा गॅस्केटमधून गळती, आधी ते शोधा. पहिला सेल मी स्वतः घट्ट केला तेव्हा बोल्ट एका बाजूने आधी पिळले होते, मेम्ब्रेन कडेला कापलं गेलं. चाक बसवताना नट जसे समोरासमोरचे थोडे थोडे पिळतात तसं करायचं, टॉर्क रेंचने.

७. जिवाची काळजी

हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के असला तरी पेटतो, आणि ज्योत दिवसा दिसत नाही. लाल सिलिंडर भिंतीला साखळीने बांधलेला हवा, डिटेक्टर छताजवळ हवा, प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बघायचं. रेग्युलेटरचे आटे उलटे असतात, बसत नाही म्हणून जोर लावू नका. रात्री एकट्याने टेस्ट स्टेशन चालवायचं नाही, गाइडने सांगितलं तरी नाही.

रसायनांमध्ये पीबीआयचं डायअमिनोबेंझिडिन कॅन्सरला कारण ठरू शकतं, तोलतानाही हातमोजे आणि फ्यूम हूड. चौथ्या घराण्यात अमोनियम गट लावण्याआधी करतात त्या क्लोरोमिथिलेशनसाठी जुन्या पेपरमध्ये क्लोरोमिथिल मिथिल इथर वापरलेलं दिसेल, ते माणसात कॅन्सर करतं हे सिद्ध झालेलं आहे, त्याला हात लावू नका. मिथिल गट असलेला पॉलिमर घेऊन एनबीएसने (एन-ब्रोमोसक्सिनिमाइड) ब्रोमिनेशन करा, पुढचं काम तसंच होतं. डीएमएसी आणि एनएमपी गरोदरपणात धोक्याचे आहेत, अशा वेळी गाइडला स्पष्ट सांगून काम बदलून घ्या, यात लाजायचं काही नाही.

८. बाहेर जायचं असेल तर

जर्मनीत युलिशचं संशोधन केंद्र, फ्रायबुर्गचं फ्राउनहोफर आयएसई, श्टुटगार्टचं डीएलआर (जर्मन एरोस्पेस सेंटर). तिथे पीएचडी ही बऱ्याचदा पगारी नोकरी असते, जाहिरात येते, अर्ज करायचा. जपानमध्ये कोफूची यामानाशी युनिव्हर्सिटी फ्युएल सेलसाठी ओळखली जाते. कॅनडात व्हँकुव्हरजवळ बर्नबीत सायमन फ्रेझर युनिव्हर्सिटी आणि फ्युएल सेल बनवणारी बॅलार्ड कंपनी, दोन्ही एकाच गावात. युरोपच्या मेरी क्युरी डॉक्टरल नेटवर्कला अट आहे की मागच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं, आपल्याकडून जाणाऱ्याला ही अडत नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती जरूर बघावी.

प्रोफेसरला मेल लिहिताना "रिस्पेक्टेड सर" पासून सुरू होणारी दोन पानं नकोत. त्यांचा कुठला पेपर वाचला, त्यातलं काय तुम्ही हाताने करू शकता, आणि एक प्रश्न. दहा ओळी पुरे. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा.

९. पुढे नोकरी

राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालं, १९,७४४ कोटींचं. त्यातले १७,४९० कोटी इलेक्ट्रोलायझर बनवणं आणि हायड्रोजन तयार करणं यासाठीच्या प्रोत्साहनाचे आहेत, संशोधनाला ४०० कोटी. याचा अर्थ समजून घ्या: देशात पुढची भरती फ्युएल सेलपेक्षा इलेक्ट्रोलायझरकडे जास्त झुकलेली राहील. पीएचडी फ्युएल सेलमध्ये केलीत तरी एखादा प्रयोग इलेक्ट्रोलायझरच्या सेलमध्ये करून ठेवा, मेम्ब्रेन बऱ्यापैकी तेच असतं.

कंपन्यांमध्ये बेंगळुरूची ओहमियम पीईएम इलेक्ट्रोलायझर बनवते, पुण्यात केपीआयटी आणि कमिन्स आहेत. ज्यांच्याकडे कुणी बघत नाही त्या आयन एक्स्चेंज रेझिनवाल्या कंपन्या, थरमॅक्स आणि आयन एक्स्चेंज इंडिया, तिथे तुमची केमिस्ट्री जशीच्या तशी लागू पडते. फ्लोरोपॉलिमरमध्ये गुजरात फ्लोरोकेमिकल्स.

मुलाखतीत माझ्या पेपरची संख्या कुणी विचारली नाही. विचारलं ते असं: हे मेम्ब्रेन एक मीटर रुंद रोलवर बनवायचं झालं तर काय अडेल? ओलं-कोरडं, ओलं-कोरडं असं शंभरदा केलं तर फाटतं का? फेंटन टेस्टमध्ये (हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोहाने रॅडिकलचा मारा करतात ती) वजन किती घटलं? मोनोमर भारतात मिळतो का, किलोचा भाव काय? शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तीन सप्लायर्सना कोटेशनसाठी मेल केले आणि पुढच्या मुलाखतीला तो कागद बरोबर घेऊन गेले.